अंगाशी धरायची नळी

हे लिहायला बसण्याचा आज तिसरा दिवस. पहिल्या दिवशी दौत धुण्यात वेळ घालवला. दुसऱ्या दिवशी पाहुणे आले म्हणून राहिलं, असं स्वतःला सांगितलं — पाहुणे आले होते खरे, पण चहा पिऊन तासाभरात गेलेही. खरं कारण एवढंच, की ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. बायकोला वाटतं, माझ्या पोटातलं तिला सगळं ठाऊक आहे. मित्रांना वाटतं, याच्या पोटात काही राहतच नाही. मी खूप बोलतो, त्यामुळे मी काय बोलत नाही याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. तुम्ही आता बसलाच आहात, तर ऐका.

पण एकदम त्या गोष्टीवर येणं मला जमणार नाही. आधी माझं काम सांगतो. कामाबद्दल बोलताना माझी जीभ अडखळत नाही.

महाडला बाजारपेठेच्या मागच्या आळीत एका डॉक्टरांचा खाजगी दवाखाना होता. तिथे मी तपासनीस होतो. थुंकी, लघवी, रक्त, पू — लोक जे बघताना नाकाला पदर लावतात, ते मी डोळ्याला भिंग लावून बघायचो. मुंबईला राहून हे शिकून आलो होतो. गावातले लोक मला 'काचवाले' म्हणायचे, कारण दिवसभर मी काचपट्ट्या धूत आणि बघत बसलेला असायचो. पूर्वेच्या खिडकीशी पितळी सूक्ष्मदर्शक, खाली आरसा. उन्हाचा कवडसा आरशात धरायचा आणि डोळा लावायचा. आभाळ आलं की माझं काम बंद. मला त्या कामाचा गर्व होता. अजूनही आहे, हीच तर पंचाईत.

डॉक्टर साठीला टेकलेले, एकटे, सिगरेट ओढून बोटं पिवळी झालेले. दवाखाना लहान, पण त्यांची हौस मोठी. जंतू नुसते बघून त्यांचं समाधान व्हायचं नाही, ते वाढवायचे. त्यासाठी रॉकेलच्या दिव्यावर चालणारी एक उबेची पेटी त्यांनी करून घेतली होती. खाटकाकडून मेंढ्याचं रक्त आणायचं, ते तापवून जंतूंच्या अन्नात मिसळायचं — मग त्याला चॉकलेटसारखा रंग येतो. हे सगळं मी करायचो. आळीतल्या बायका म्हणायच्या, काचवाल्यांच्या खोलीत सैपाक चाललाय.

या साऱ्या जंतूंमध्ये एक होता, ज्याच्यावर डॉक्टरांचा विशेष जीव. मेंदूज्वराचा. नायसेरिया हे त्याच्या घराण्याचं नाव. एक भाऊ परम्याचा, म्हणजे गुप्तरोगाचा, तो बदनाम. एक हा, मेंदूच्या आवरणावर बसणारा. आणि बाकीचे बरेच भाऊबंद निरुपद्रवी, माणसाच्या नाकाघशात मुकाट राहणारे. दिसायला सगळे सारखेच. काचपट्टीवर आधी जांभळा रंग द्यायचा, मग स्पिरिटनं धुवायचं, मग तांबडा रंग. काही जंतू जांभळा रंग धरून ठेवतात. हे घराणं तो सोडून देतं आणि शेवटी तांबूस दिसतं. दोन-दोनच्या जोडीनं. मला ते नेहमी वालाच्या सोललेल्या डाळिंब्यांसारखे वाटायचे — दोन डाळिंब्या पोटाकडून एकमेकींना टेकवून ठेवल्यासारख्या. पण नुसतं बघून भागत नाही. कित्येकदा काचेवर तो सापडतच नाही. मग त्याला वाढवायचं, वेगवेगळ्या साखरांच्या नळ्यांत घालायचं, कुठली साखर तो आंबवतो ते पाहायचं, तेव्हा कळतं कुठला भाऊ.

आणि वाढवायचं म्हणजे काय? हा जंतू इतका भयंकर, धडधाकट पोर दोन दिवसांत नेतो — आणि माणसाच्या अंगाबाहेर आला की इतका नाजूक, की गारवा लागला तरी मरतो. आमचे बाकीचे सगळे नमुने आम्ही माठाशेजारी गारव्याला ठेवायचो. हा एकटाच उलटा. रोग्याच्या पाठीच्या कण्यातून सुईनं पाणी काढलं, की ती नळी अंगाशी धरूनच आणायची. कपड्याच्या आत, काखेत, बरगडीला लावून. पेटीत जाईपर्यंत तिला माणसाच्या अंगाची ऊब सुटता कामा नये.

हे मला नीट ठाऊक होतं. एवढं लक्षात ठेवा. त्याच वर्षी पौषात पोलादपूरच्या एका वाण्याच्या पुतण्याची नळी मी अशीच आणली होती. काखेत धरून, वरून स्वेटर, हात अंगाला घट्ट आवळलेला. यष्टीतल्या कंडक्टरनं विचारलं, काखमांजरी झालीय का. मी हसलो. दुसऱ्या दिवशी अन्नावर दंवाच्या थेंबांसारखे बारीक ठिपके उगवले. साखरेच्या नळ्यांनीही तेच सांगितलं. वाण्याच्या घरच्या सगळ्यांना गोळ्या दिल्या, पोरगाही वाचला. डॉक्टरांनी माझी पाठ थोपटली आणि त्या दिवसापासून मला 'खुडूक' म्हणू लागले. अंड्यावर बसलेल्या कोंबडीसारखा मी नळी उबवत आलो म्हणून. मला ते नाव आवडलं होतं.

तेव्हा मला माहीत नव्हतं, असं मला म्हणता येत नाही.

महिनाभरानं, माघात, पोलादपूरच्या वर घाटाच्या अंगाच्या एका वाडीतून बोलावणं आलं. सहा वर्षांचा मुलगा, ताप, मान ताठ, पाठीची कमान झालेली. ती वाडी गावापासून वेगळी, पऱ्याच्या पलीकडे — पऱ्या म्हणजे आमच्याकडचा डोंगरातला ओढा. दोन वर्षांपूर्वी त्या लोकांनी धर्म बदलला होता. घरोघर बुद्धाची तसबीर लागली होती. आम्ही आजूबाजूचे लोक मात्र त्यांना जुन्याच नावानं ओळखत होतो. मीही. ते नाव इथे लिहीत नाही.

आता तुम्हाला कळू लागलं असेल. तरी मला सांगू द्या.

मी स्वतःला सुधारलेला समजायचो. दवाखान्यात सगळ्यांची थुंकी एकाच टेबलावर यायची, मी कधी भेद केला नव्हता. रोज सकाळी चवदार तळ्यावरून दवाखान्यात जायचो. तिथे मागे काय घडलं ते मला माहीत होतं आणि आता तसं राहिलं नाही, असं मी परगावच्या लोकांना मोठ्या तोंडानं सांगायचो. मुंबईला असताना इराण्याकडे कुणाच्याही मांडीला मांडी लावून आम्लेट खाल्लं होतं. पण टेबलावरच्या काचपट्टीला हात लावणं वेगळं, कारण नंतर साबणानं हात धुता येतात. हे मला त्या दिवशी कळलं.

आणखी एक. दुसऱ्या दिवशी आमच्या गावी देवीची पालखी होती. पहिल्या खांद्याचा मान आमच्या घराचा. वडील थकले म्हणून त्या वर्षी तो माझ्याकडे आला होता. खांदा देणाऱ्यानं पाच दिवस नेम पाळायचा — मांसमच्छी नाही, पायात वहाण नाही, विटाळ नाही. उजव्या दंडाला हळदीत भिजवलेला दोरा. आई म्हणाली होती, महाडात तुला कोण बघनार नाय, पन ती बघते हाय. मी मनात हसलो होतो. दोरा मात्र बांधून घेतला. डॉक्टरांना यातलं काही बोललो नव्हतो. ते मला वेड्यात काढतील याची लाज वाटत होती.

पहाटेच्या यष्टीनं आम्ही पोलादपूरला गेलो, तिथून चढ. वाडीत पोचलो तेव्हा सकाळची उन्हं नुकती वर येत होती. मुलाचं नाव किसन. त्याची आई यमुना — बाप मुंबईला गोदीत, घरात ती आणि दोन पोरं. डॉक्टर आत गेले. मी उंबऱ्याबाहेर सामान मांडून देत राहिलो. आत जायची गरज पडली नाही, असं तेव्हा मला वाटलं. आत किसनाला कुशीवर वाकवून धरायला माणूस हवा होता. डॉक्टरांनी हाक मारली, पण मी पिशवीत काहीतरी शोधत असल्याचं दाखवलं. मग शेजारचा म्हातारा आत गेला. धाकटी शेवंता, चार वर्षांची, दारात उभी राहून माझ्याकडे टकमक बघत होती.

पाणी गढूळ निघालं. डॉक्टरांनी नळीला कापसाचा बोळा आणि वर रबरी बूच लावलं. मुलाला इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या, आणि म्हणाले की ते दुपारपर्यंत पोराजवळ थांबतील, मी नळी घेऊन पुढे जावं. मग यमुनेच्या आणि दारात जमलेल्या सगळ्यांच्या समोर मला सांगितलं:

"अंगाशी धर. गार झाली तर आपल्याला काहीच सांगता येणार नाही. वाडीत आणखी वीसेक पोरं आहेत."

प्रश्न असा होता. तोच जंतू असेल, तर तो श्वासावाटे घरोघर जातो, आणि वाडीतल्या प्रत्येकाला ताबडतोब गोळ्या द्यायला हव्यात. दुसरा कुठला असेल तर नको. डॉक्टरांकडे अख्ख्या वाडीला पुरतील इतक्या गोळ्या नव्हत्या. त्या वरून, सरकारातून मागवायच्या, आणि कागदावर जंतूचं नाव असल्याशिवाय त्या सुटत नव्हत्या. एका वाडीची पोरं त्या नळीत होती. डॉक्टरांनी हे सगळं वाटेतच मला समजावलं होतं.

यमुनेनं ते ऐकलं. तिनं आपल्या लुगड्याच्या पदराची पट्टी टर्रकन फाडली, चुलीपाशी धरून ती ऊन केली, डॉक्टरांच्या हातून नळी घेतली आणि लहान पोराला दुपट्यात गुंडाळावं तशी गुंडाळली. मग माझ्याकडे आली. माझ्या हातात दिली नाही. ओट्याच्या कडेवर ठेवली आणि दोन पावलं मागे सरली. तिला तशी सवय होती. मलाही.

मी उचलली. तिच्यासमोर, डॉक्टरांसमोर, शर्टाचं बटण काढून ती काखेत धरली. त्या चिंधीची ऊब मला अजून आठवते. चुलीच्या धुराचा वास होता तिला.

वाडी नजरेआड होईपर्यंत ती तशीच धरली होती. मग पऱ्या आला.

इथे मी किती वेळ थांबलो? फार नाही. आजूबाजूला कुणी नव्हतं. मला कुणी बघत नव्हतं, कुणी अडवत नव्हतं, कुणी काही म्हणालं नव्हतं. दोरा दंडाला काचत होता आणि त्याच्याच खाली, उघड्या अंगाला, ती चिंधी. तुम्ही म्हणाल, नेम मोडेल म्हणून भ्यालो असेन. नाही हो. देवीचा कोप होईल असं मला क्षणभरही वाटलं नाही. वाटलं असतं तर बरं झालं असतं — निदान श्रद्धा तरी म्हणता आली असती. मला फक्त किळस आली. वाण्याच्या पुतण्याच्या नळीत हेच पाणी होतं, हाच पू, हाच जंतू, आणि तेव्हा मी यष्टीत हसत बसलो होतो.

मी नळी बाहेर काढली. काडीनं चिंधी सोडवली आणि पाण्यात टाकली. मग खाली बसलो आणि नळी धुतली.

हो, धुतली. बंद, बूच लावलेली काचेची नळी, माघातल्या सकाळी, घाटातून उतरणाऱ्या गार पाण्यात, अंगठ्यानं चोळून चोळून. हात आखडले इतकं ते पाणी गार होतं. मग माझ्या रुमालात गुंडाळली आणि पिशवीत टाकली. पिशवी काठीला लावून खांद्यावर टाकली, अंगापासून दूर, आणि उतरू लागलो. मोकळं वाटलं. हेही लिहायलाच हवं — मला मोकळं वाटलं.

यष्टीत पिशवी खिडकीच्या दांडीला टांगली. महाडला पोचून खोलीचं दार लावलं आणि नळी हातात घेतली, तर माठाच्या बुडासारखी गार. आणि मी काय केलं असेल? दाराला कडी घातली, शर्ट काढला आणि ती नळी काखेत धरून खुर्चीवर बसलो. दहा मिनिटं. पंधरा असतील. चटकन नळी गरम झाली. दोरा दंडाला तसाच होता, काही झालं नाही. मग मी ते पाणी काचेच्या बशीतल्या अन्नावर पसरलं, अगदी नीट, शिकवल्यासारखं. बशी बरणीत ठेवून आत मेणबत्ती लावली, झाकण बसवलं — या जंतूला अशी कोंडलेली हवा मानवते — आणि बरणी उबेच्या पेटीत ठेवली. एक काचपट्टी रंगवली. पू-पेशी भरपूर, जंतू एकही खात्रीचा दिसेना.

डॉक्टर दिवेलागणीला आले. बूट काढता काढता त्यांनी विचारलं:

"नीट उबवलीस ना रे, खुडूक?"

मी म्हणालो, "हो."

एवढंच. आयुष्यात मी पुष्कळ खोटं बोललो असेन, पण इतकं लहान कधी नाही. त्या वेळी जरी म्हणालो असतो की नळी गार झाली, तरी चाललं असतं. कारण सांगायचीही गरज नव्हती. पाय घसरला, पिशवी पाण्यात पडली — काहीही. डॉक्टर चिडले असते, दोन शिव्या दिल्या असत्या आणि पहाटे पुन्हा वाडीवर गेले असते. मला चार शब्दांचं दुसरं खोटंसुद्धा सुचलं नाही, कारण मला 'खुडूक' हे नाव सोडवत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी गावी गेलो. आंघोळ करून पहिला खांदा दिला. आईनं ओवाळलं. गुलाल, ढोल, लोक माझ्या पाया पडत होते, कारण त्या दिवशी खांदेकऱ्याच्या अंगी देवीचा अंश असतो. मी पाया पडू दिलं. त्याच दिवशी दुपारी वर वाडीत किसन गेला. मला ते तिसऱ्या दिवशी महाडला परतल्यावर कळलं. डॉक्टर म्हणाले, फार उशिरा कळवलं त्यांनी, तो वाचणारा नव्हताच. ते मी कित्येक वर्षं धरून बसलो. त्याच्या मरणापुरतं ते खरंही असेल.

पेटीतून बशी काढली. चॉकलेटी अन्न जसंच्या तसं, गुळगुळीत. डॉक्टरांनी ती उजेडात तिरकी करून पाहिली, भिंगानं पाहिली, आणखी एक दिवस ठेवली. काही नाही. त्यांनी कागदावर लिहिलं — वाढ नाही. म्हणजे तो जंतू नसावा. गोळ्या मागवल्या नाहीत. त्यांना चैन पडत नव्हतं, हे मला दिसत होतं. चार दिवसांनी त्यांनी पुन्हा विषय काढला, की लक्षणं तर सगळी त्याचीच होती, मग उगवला का नाही? ऐका मी काय केलं ते. मी म्हणालो, अन्न जुनं झालं असेल कदाचित, मागच्या खेपेचं रक्त मला जरा शिळं वाटलं होतं. रक्त ताजं होतं. मीच आणलं होतं. ते अन्न करण्याची कृती त्यांची होती, त्यामुळे चूक आपोआप त्यांच्याकडे गेली.

अकराव्या दिवशी शेवंताला ताप आला.

मी पोटदुखीचं निमित्त काढून घरी राहिलो. डॉक्टर एकटे गेले आणि नळी स्वतःच्या काखेत धरून आले. साठीचा माणूस, घाटाचा उतार, एका हातानं काठी. संध्याकाळी त्यांनी ती माझ्या हातात दिली तेव्हा ऊन होती, आत्ता कुणाच्या अंगातून काढल्यासारखी. दुसऱ्या दिवशी सकाळी बशीवर दंवाचे थेंब होते. काचपट्टी मीच रंगवली. खिडकीशी बसलो, आरशात ऊन धरलं, डोळा लावला. तांबूस डाळिंब्या. जोडी-जोडीनं, सगळीकडे. सुरेख दिसत होत्या. त्या वाडीत काय होतं हे जगात सगळ्यात आधी मी पाहिलं, आणि मला ते अकरा दिवस आधी पाहायला मिळालं असतं.

साखरेच्या नळ्यांचं उत्तर येण्याआधीच डॉक्टरांनी जोडीच्या जंतूचं नाव लिहून कागद पाठवला. गोळ्या आल्या. वाडीतल्या प्रत्येकाला, तान्ह्या पोरांपासून म्हाताऱ्यांपर्यंत, त्यांनी उभं राहून त्या गिळायला लावल्या. त्यानंतर तिथे कुणी आजारी पडलं नाही. शेवंता वाचली. तीन आठवड्यांनी यमुनेच्या लक्षात आलं, की पोर हाकेला बघत नाही. डॉक्टरांनी तिच्या कानामागे घंटी वाजवून पाहिली, टाळी वाजवली, पातेलं आपटलं. ती भिंतीवरची पाल बघत बसली होती. या रोगात असं होतं, कानाची शीर जाते. गेलेलं ऐकू येणं परत येत नाही.

डॉक्टर मला घेऊन वाडीवर गेले तो दिवस मला टाळता आला असता तर मी टाळला असता. या खेपेला निमित्त सुचलं नाही. त्यांनी यमुनेच्या अंगणात उभं राहून टोपी काढली आणि हात जोडले. म्हणाले, बाई, माझी चूक झाली. पहिल्या खेपेला माझं औषधपाणी नासकं होतं, मला जंतू ओळखता आला नाही, नाहीतर तुझ्या पोरीला हे झालं नसतं. साठ वर्षांचा माणूस, अंगणात सगळी वाडी उभी, आणि मी मागे त्यांची पिशवी धरून. माझं तोंड उघडलं होतं — खरंच उघडलं होतं. मी घसा खाकरला. डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं. मी खोकलो, आणि पुन्हा मिटलं.

यमुना रडली नाही. म्हणाली:

"तुमी आलात, आत बसलात, पोराला हात लावलात. कोन येतंय आमच्याकडं? तुमची चूक नाय." मग तिनं माझ्याकडे पाहिलं. "आन ह्यांनी माझ्या किसनाचं पानी अंगाशी धरून नेलं. सख्ख्यावानी. ता आमी इसरनार नाय."

डॉक्टरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. ज्या खांद्यावर पालखी घेतली होती, त्याच.

पुढचं थोडंच आहे. डॉक्टरांनी त्यानंतर जंतू वाढवणं कमी केलं. आपल्या अन्नावरचा त्यांचा भरवसा उडाला होता. बशी कोरी निघाली की म्हणायचे, माझंच काही चुकलं असेल. चार वर्षांनी ते वारले, तोवर मी त्यांच्याकडेच होतो. रोज सकाळी त्यांना चहा द्यायचो. सांगायला चार वर्षं होती. दर वेळी वाटायचं, आता सांगून काय उपयोग? हा प्रश्न मी किती सोयीनं वापरला, ते तुम्हाला दिसतंच आहे.

मी वाईट दिवस काढले, झोप उडाली, असं लिहिलं तर ते खोटं होईल. मी लग्न केलं, मला मुलं झाली, माझं नाव झालं. पालखीला आणखी तीन वर्षं खांदा दिला. मेंदूज्वराच्या नळ्या पुढेही आणल्या, सगळ्यांच्या, काखेत धरून. कुणाच्याही. त्या धरताना आता काही वाटत नाही. पण तेव्हा वाटलं होतं, आणि ते तेव्हाच्याच पोरांना भोवलं.

यमुना बाजाराच्या दिवशी महाडला यायची. करवंदांच्या दिवसांत करवंदं, एरवी झाडू, शेणी. बरोबर शेवंता असायची. ती मोठी होत गेली, उंच, आईपेक्षा चलाख. बोलायला येत नव्हतं, पण मायलेकींची हातवाऱ्यांची भाषा झाली होती. प्रत्येक माणसाला त्यांनी एक खूण ठरवली होती. मिशा असलेल्या दुकानदाराला मिशांची, लंगड्या हमालाला पायाची. डॉक्टरांची खूण दोन बोटं ओठांना लावण्याची, सिगरेटची.

माझी खूण मी पहिल्यांदा पाहिली तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची असेल. मी भाजी घेत होतो. यमुनेनं तिला कोपरानं ढोसलं आणि माझ्याकडे बोट दाखवलं. पोरीनं माझ्याकडे पाहिलं, ओळखलं, आणि उजवा हात डाव्या काखेत घातला. घट्ट. वरून दुसऱ्या हातानं दाबून धरला, काही सांडू नये तसा. आणि हसली.

ते माझं नाव आहे. त्या पोरीला माझं दुसरं नाव माहीत नाही. इतक्या वर्षांत बाजारात, यष्टीच्या स्टँडवर, तळ्याच्या कठड्याशी, ती जिथे दिसेल तिथे लांबूनच हात काखेत घालते, आणि मग वाट बघते — मी ओळखलं का, तोच का मी?

मी दर वेळी मान हलवून हो म्हणतो.